येशू खरोखर होऊन गेला का?

प्रश्न : येशूची समकालीन रोमन नोंद सापडत नाही, म्हणून तो काल्पनिक होता, असा दावा वाचनात आला. तो ग्राह्य धरावा का?

उत्तर : नोंद सापडत नाही हे खरे, परंतु पॅलेस्टाईनच्या उत्तरेकडील गालील प्रांतात खेडोपाडी फिरणाऱ्या उपदेशकाची दफ्तरी नोंद मिळावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे; त्याला क्रुसावर देणाऱ्या पिलात या रोमन सुभेदाराच्या नावाचा शिलालेखसुद्धा थेट १९६१ मध्ये कैसरिया या किनारी शहरातील नाट्यगृहाच्या पायऱ्यांत वापरलेल्या दगडावर आढळला. इ.स. ९३च्या सुमारास ज्यू इतिहासकार जोसेफसने लिहिलेल्या ग्रंथातील येशूविषयीच्या प्रसिद्ध उताऱ्यात ग्रंथाच्या प्रती उतरवणाऱ्या ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. मला त्याच ग्रंथाच्या विसाव्या खंडातील त्रोटक उल्लेख अधिक मोलाचा वाटतो. तेथे याकोबाला दगडमाराची शिक्षा झाल्याचे सांगताना, ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’ अशी त्याची ओळख लेखक सहज, कोणतीही स्तुती न करता देऊन जातो. हाच याकोब आपल्याला यरुशलेमेत भेटल्याचे पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकाने गलतीकरांना लिहिलेल्या, बायबलमधील पत्रात नमूद केले आहे, आणि ते पत्र इ.स. ५०च्या आसपासचे, म्हणजे क्रुसानंतर जेमतेम वीस वर्षांचे आहे. या दोन स्वतंत्र साक्षी डावलणे मला तरी इतिहासाच्या शिस्तीत बसणारे वाटत नाही. चमत्कार आणि पुनरुत्थान यांचा निर्णय मात्र या साधनांनी होत नाही.