भाचीबाई, यादी छोटी ठेव

भाचीबाई,

अनेक आशीर्वाद.

वेबसाइट बनवायला काय काय शिकायचं, ती तुझी यादी पाहिली. रिॲक्ट, नेक्स्ट, टेलविंड, मोंगो, रेडिस, डॉकर आणि वर एडिटरची डझनभर एक्स्टेन्शन्स. यातलं आधी काय शिकू, असं विचारतेस. आधी यातलं काहीच नको. कंपनीत जे वापरतात ते तू कामाच्या ओघात उचलशीलच. मी बोलतेय ते सोसायटीच्या टँकर-नोंदीच्या पानाबद्दल. एक फॉर्म, एक यादी. त्याला एवढा लवाजमा कशाला?

फ्रेमवर्कचं, म्हणजे ज्यावर साइट उभी करायची त्या तयार सांगाड्याचं, आयुष्य थोडं असतं. अँग्युलरजेएस २०१० मध्ये आलं आणि काही वर्षं नोकरीच्या जाहिरातींत त्याचाच बोलबाला होता. २०१६ मध्ये नवं अँग्युलर आलं, ते जुन्याशी जुळेना. २०२२ च्या जानेवारीत जुन्याचा सपोर्टही संपला. उलट वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या, सर्न या संशोधन संस्थेतल्या पहिल्या साइटचं एचटीएमएल आजचं क्रोम बिनतक्रार दाखवतं. डेटाबेसशी बोलायची भाषा एसक्यूएल तर १९७० च्या दशकातली. म्हणून माझा कौल एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (पानाचं रूप), साधं जावास्क्रिप्ट (पानाची हालचाल), एसक्यूएल आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं) यांना.

सर्व्हरवर मी जँगो वापरते; आहे तेही फ्रेमवर्कच, पण टिकलेलं. कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत ते घडलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बातम्यांच्या घाईतून आल्यामुळे माहिती भरायचं ॲडमिन पान आयतं मिळतं. सेक्रेटरीकाकांना तेवढं पुरेल. डेटाबेस पोस्टग्रेस. मोंगो हा दुसरा डेटाबेस सोपा वाटतो, कारण कोणती माहिती कशाशी जोडायची हा विचार पुढे ढकलता येतो. टँकर, तारीख, इमारत, पैसे यांत ढकलण्यासारखं काय आहे? जेसनच (मोंगोसारखी सैल मांडणी) ठेवायचं असेल तर पोस्टग्रेसमध्ये २०१२ पासून त्याचीही सोय आहे.

आता ज्या हत्यारावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते ते सांगते. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबलंस की नेटवर्क नावाचा टॅब दिसेल. बटण दाबूनही काही होत नाही, की नवी पोरं कोडकडे टक लावून बसतात. आधी इथे बघ. रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरची सर्व्हरकडे मागणी, गेलीच नाही? मग घोळ तुझ्या जावास्क्रिप्टमध्ये किंवा फॉर्ममध्ये. गेली आणि उत्तरात ५०० हा आकडा (सर्व्हरमध्ये बिघाड) आला? सर्व्हरचा लॉग (त्याची नोंदवही) उघड. ४०१ म्हणजे तू कोण हे सर्व्हरला कळलेलं नाही. ४०३ म्हणजे बहुधा कळलंय, पण परवानगी नाही. २०० (सगळं ठीक) आला, उत्तरही बरोबर आहे, तरी पडद्यावर काही नाही? मग ते दाखवणारा कोड बघ. तीन प्रश्नांत निम्मं घर झाडून होतं. तरीही उलगडलं नाही तर त्या रिक्वेस्टवर राइट-क्लिक करून ती कर्लच्या (ब्राउझरविना रिक्वेस्ट पाठवणाऱ्या कमांडच्या) रूपात कॉपी कर आणि टर्मिनलमध्ये चालव. तिथेही तसंच बिघडलं, तर ब्राउझर निर्दोष सुटला. त्याच टॅबमध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करता येतं, कॅशे (आधी उतरवलेल्या फायलींचा साठा) बंद करता येतो. वॉचमनकाका गेटवर उभं राहून जुन्या फोनवरून नोंद करणार आहेत. त्यांना तुझं पान कसं दिसेल ते तिथे कळतं. (मग टेलविंड, ते तयार सीएसएस, हवं का, ते तूच सांग.)

ड्रायव्हरांची नावं मराठीत येतील. ‘क्षितिज’ची लांबी जावास्क्रिप्टला विचारलीस तर ७ सांगतं, कारण हलन्त आणि वेलांट्याही ते वेगळ्या मोजतं. अक्षरं मोजून नाव कापू नकोस, शेवटी लटकता पाय मोडलेला क् उरतो. ओळ लांब झाली तर सीएसएसला कापू दे, ते काम त्याचं.

गिटबद्दल थोडंच. कमिट करण्याआधी, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवण्याआधी, डिफ (काय बदललं ते दाखवणारी यादी) ओळ न् ओळ वाच. कमिटसोबतच्या निरोपात ‘फिक्स’, ‘फायनल’, ‘फायनल २’ असलं नको. का बदललं ते लिही. कधीतरी गिट बायसेक्ट चालवून बिघाड नेमक्या कुठल्या कमिटमध्ये शिरला हे शोधशील, तेव्हा छोट्या कमिटांचा उपयोग कळेल.

दुसऱ्याचं पॅकेज (तयार कोड) घेण्याआधी त्याचा कोड उघडून बघ. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून काढून घेतलं आणि जगभर बिल्ड (कोडपासून ॲप तयार करण्याची कामं) कोसळले. अकरा ओळी तूही लिहू शकतेस. एआयकडून लिहून घेतलंस तरी हरकत नाही, मीही घेते. पण जी ओळ तुला मला समजावून सांगता येत नाही ती कमिट करायची नाही. आणि डेटाबेसचा पासवर्ड एआयच्या खिडकीत पेस्ट करायचा नाही, म्हणजे नाहीच.

एडिटर कुठलाही घे. फक्त व्हिम या जुन्या एडिटरमधून बाहेर कसं पडायचं तेवढं शिकून ठेव. सर्व्हरवर कधी ना कधी गाठ पडेल.

रविवारी लॅपटॉप घेऊन ये. टेबलांचा आराखडा आधी कागदावर काढून आण, इन्स्टॉल काही करू नकोस.

तुझी,
मावशी