रिपोर्ट निगेटिव्ह आहे, तरी भीती जात नाही

"मॅडम, निगेटिव्ह म्हणजे पक्कं निगेटिव्ह असते ना?" एचआयव्हीच्या भीतीने माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हाच प्रश्न असतो. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते, ओळख बदलून.

मुलगा नागपूरजवळच्या बुटीबोरीला नोकरीला, लग्न ठरलेलं. मित्रांसोबत बाहेरगावी गेला असताना एकदा निरोधाशिवाय संबंध आला होता. तीन महिने उलटल्यावर नागपूरच्या मेडिकल या सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात, मोफत तपासणी केली, निगेटिव्ह. मग मेयो या दुसऱ्या सरकारी रुग्णालयात, मग खासगी लॅबमध्ये. सगळीकडे तेच. तरी रात्र रात्र मोबाइलवर नॅकोची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची साइट, तिथून अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची.

"लक्षणं जुळून राहिली, मॅडम. ताप, रात्री घाम..."

मे महिना होता. नागपुरात कुणाला घाम येत नव्हता?

"अन् एकीकडे ४५ दिवस लिहिलं, दुसरीकडे ९०. सरकारी साइटवरच असं, तर भरवसा कशाचा ठेवायचा?"

गोंधळ तपासण्यांच्या प्रकारांचा होता. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणाऱ्या अँटिजन-अँटिबॉडी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं) तपासणीत संसर्ग संबंधानंतर ४५ दिवसांच्या आत कळतो, फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या तपासणीला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. त्याने दोन्ही मुदती केव्हाच ओलांडल्या होत्या. त्याला हे पटलं, आणि पुढच्या आठवड्यात तो नवीन स्क्रीनशॉट घेऊन हजर.

अशा वेळी आणखी माहिती देण्यात अर्थ नसतो. त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या हट्टी विचारांमुळे होतो असं मानणाऱ्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझा भर असल्यामुळे मी भीतीखालचा हट्ट शोधते. त्याला सरळ विचारलं, "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला असता तर?"

तो बराच वेळ गप्प होता.

"सुटलो असतो."

"कशातून?"

"फिटलं असतं सगळं. मी जे केलं त्याची शिक्षा भेटली असती."

त्याला आजाराची खात्री नको होती, स्वतःच्या चुकीचा निवाडा हवा होता, आणि तो कुठलीही लॅब देणार नव्हती. चूक झाली म्हणजे शिक्षा झालीच पाहिजे, हा त्याचा हट्ट. हे हाती लागलं की माझं निम्मं काम झालं असं मी समजते. अनुभवाने तेवढं कळायला लागलंय. त्यानंतर साइटचा विषय आपोआप मागे पडला. "तिला सांगू काय?" हा होणाऱ्या बायकोबद्दलचा खरा प्रश्न पुढे आला आणि आमच्या उरलेल्या भेटी त्यातच गेल्या. उत्तर त्याचं त्यानेच ठरवलं.

माझं सांगणं एवढंच: सरकारी साइट जरूर वाचा, पण कामापुरती. तपासणी कुठे, कधी, हे कळलं की बंद करा. लक्षणांच्या यादीवरून स्वतःचं निदान करू नका. ते रक्ताच्या तपासणीनेच होतं. शंका असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनच्या टोल फ्री नंबरवर माणसाशी बोला.

धोका नुकताच घडला असेल तर मात्र वाचत बसू नका. ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, सरकारी दवाखाना गाठा. संसर्ग टाळणारी औषधं तेवढ्या वेळातच सुरू करता येतात आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. नाव फुटेल म्हणून थांबू नका. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.