फोकस कशावर केलास?

प्रिय मित्रा,

लेझर पाडून फिल्मची चमक मोजताना सकाळपेक्षा दुपारी पीक, म्हणजे आलेखातलं शिखर, तिप्पट आला; चमक मोजणारा स्पेक्ट्रोमीटर बिघडला का, असं विचारलंस. तिप्पट पीक आलं की शेतकरी हरखतो; तू धास्तावलास, हे बरं झालं. स्पेक्ट्रोमीटर ठीक असणार. बदलली ती फिल्म, आणि बदलली ती तुझ्याच लेझरने.

तुझी फिल्म ज्याची आहे त्या मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडची, सोलर सेलसाठी अभ्यासल्या जाणाऱ्या या पेरोव्स्काइटची, ही जुनी खोड. स्फटिकात जागोजागी सापळे, म्हणजे रचनेतले दोष, असतात. लेझरने सुटे केलेले इलेक्ट्रॉन त्यांत अडकले की प्रकाश न देताच संपतात. पण उजेड पडत राहिला की आयोडाइडचे आयन त्या डागापासून दूर सरकतात, सापळे कमी होतात आणि चमक वाढते. भोवती हवा असेल तर आणखीच. ऑक्सिजन एक इलेक्ट्रॉन उचलून सुपरऑक्साइड होतो आणि आयोडाइडच्या रिकाम्या जागी जाऊन बसतो. ऑक्सिजन आणि उजेड मिळून चमक हजारपट होऊ शकते, हे २०१५ मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या गटाने दाखवलं. गंमत अशी, की हाच सुपरऑक्साइड पुढे मिथाइलअमोनियमचा प्रोटॉन काढून घेतो. मग काळी फिल्म पिवळी पडायला लागते. ते पिवळं म्हणजे लेड आयोडाइड.

मी यात तीन आठवडे घालवलेत. एका नव्या लेपाने चमक पाचपट झाली म्हणून खुशीत होतो. गाइडसमोर आलेख ठेवले. त्यांनी चष्मा वर केला आणि एवढंच विचारलं, ‘‘फोकस कशावर केलास?’’ लेपाच्या सॅम्पलवरच करत होतो, रोज दहा मिनिटं, त्याच जागेवर. बिनलेपाचं सॅम्पल नंतर ठेवायचं आणि लगेच मोजायचं. लेपाचं काम लेझरनेच केलं होतं.

फिल्ममध्ये आयोडाइडबरोबर ब्रोमाइड मिसळशील तेव्हा पीकची जागाच हलेल. एरिक होक आणि स्टॅनफर्डमधल्या त्याच्या सहकाऱ्यांना अशा मिश्र फिल्ममध्ये उजेडात मिनिटभराच्या आत १.६८ इलेक्ट्रॉन व्होल्टला, म्हणजे ७४० नॅनोमीटरच्या आसपास, नवा पीक दिसला. आयोडाइड वेगळं गोळा होतं. अंधारात काही मिनिटं ठेवलं की पुन्हा मिसळतं. तेव्हा ‘फिल्म मुळातच नीट मिसळली नव्हती’ असं लिहायची घाई करू नकोस.

उद्या फोकस एका कोपऱ्यावर कर, शटर बंद कर, मग कोऱ्या जागेवर सरक. शटर उघडल्या क्षणापासून नोंद सुरू. वहीत लेझरची तीव्रता, डागाचा आकार, हवा की नायट्रोजन, आणि सॅम्पल आधी किती वेळ अंधारात होतं ते लिही. ट्यूबलाइटखाली राहिलेली वेळसुद्धा.

तो तिप्पटवाला डेटा पुसू नकोस. आडव्या अक्षावर वेळ घेऊन आलेख काढ, तेच नायट्रोजनमध्ये करून बघ आणि दोन्ही पाठव. तिथे ऑक्सिजन नसतो; तरीही पीक तेवढाच चढला का, हे मला आधी पाहायचंय.

सस्नेह