तिकिटात पेग धरू नका, भाऊ

तुमची पोस्ट वाचली आणि माझा पहिला हिवाळा आठवला. "दर शनिवारी आठ जण, झिरो माईलपासून महालपर्यंत, वाटेत तीन बार, सोबत नागपूरचा इतिहास, तिकीट 1500, त्यात दोन पेग." माणसं कुठून मिळतील, फोटो कसे टाकायचे हे तुम्ही विचारून राहिले, पण ते तुम्हाला जमेल. मला लिहायचंय ते शेवटच्या तीन शब्दांबद्दल.

मी आणि माझा दीर, आम्ही अशी फेरी दोन हिवाळे चालवली. पहिल्या वर्षी आम्हीही तिकिटात दोन पेग धरले. हिशेब सोपा वाटला. बारवाल्याला आगाऊ पैसे दिले आणि पाहुण्यांच्या हातात हिरवी कुपनं. कुपनावर छापलं होतं, "एक कुपन, एक पेग". चौथ्या शनिवारच्या आधी बारमालकाचाच फोन आला. "ताई, परवाना माझ्या नावावर आहे, तुमच्या नावावर नाही. अन् दारूची किंमत तुमच्या जाहिरातीत दिसून राहिली." माणूस बरोबर बोलला. पेगचे पैसे तिकिटातून आपण घेतले, की दारू आपण विकली असाच अर्थ निघतो. शिवाय आपल्या राज्याच्या दारूबंदी कायद्यात दारूच्या जाहिरातीवरही बंधन आहे. मी वकील नाही, तुम्ही एखाद्या वकिलाला तासाभराची फी देऊन विचाराच. पण माझं मत पक्कं आहे.

मग रीतसर परवानगी काढू म्हणून मी एका कार्यालयात गेले. नाव लिहीत नाही. पहिल्या टेबलावर म्हणाले, हा कार्यक्रम आहे, त्या खोलीत जा. त्या खोलीत म्हणाले, हे पर्यटनाचं काम, आमचं नाही. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी अर्ज ठेवून घेतला, "पाहतो" म्हणाल्या, आणि मी घरी आले. इथेच मी सगळ्यात मोठी चूक केली. पोच घेतली नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का नाही, आवक क्रमांक नाही. अकरा दिवसांनी गेले तर अर्ज आलाच नाही म्हणे. एकूण सहा चकरा झाल्या. तोवर दोन शनिवार भरलेले होते, 16 जणांचे पैसे परत केले. बारला दिलेला आगाऊ गेला आणि जानेवारी हातातून निसटला. आजही त्या जिन्यावरून जाताना जीव जळतो. "नाही" म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण कागद हरवला हेसुद्धा कोणी तोंड वर करून सांगितलं नाही. तुम्ही अर्ज कुठेही द्या, दुसरी प्रत सोबत न्या आणि शिक्का मारल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

दुसऱ्या वर्षी आम्ही तिकीट फक्त चालणं, गोष्टी, ऑटो आणि सावजी जेवणाचं ठेवलं. बारमध्ये ज्यानं त्यानं मागवायचं, आपलं बिल आपण द्यायचं. जाहिरातीत दारूचा ग्लास नाही, ब्रँड नाही. गर्दी कमी झाली नाही. एक दिवसाचा पिण्याचा परवाना लागतो, विदेशी दारूला 5 रुपये, देशीला 2. तो बारमध्येच मिळतो, पाहुण्यांना घ्यायला लावा. वय नोंदणीतच विचारा. बियर-वाइनला 21, बाकी दारूला 25. आमच्याकडे एकदा 23 वर्षांचा मुलगा आला होता, त्याच्या रमवरून वेटरशी वाद झाला आणि सगळ्यांची संध्याकाळ बिघडली.

तुम्ही सीताबर्डीचा किल्ला आतून दाखवणार असं लिहिलंय. तो लष्कराकडे आहे, लोकांसाठी वर्षातून तीन दिवस उघडतो: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट. त्यातले 26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट तर ठरलेले ड्राय डे. तेव्हा टेकडी खालूनच दाखवा. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ची लढाई, आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज, सगळं टेकडीकडे बोट दाखवून सांगता येतं.

क्रमाबद्दल मात्र मी हट्टी आहे. झिरो माईलजवळ गोवारी स्मारक आहे. 23 नोव्हेंबर 1994 ला तिथे मोर्चातल्या चेंगराचेंगरीत गोवारी समाजाची 114 माणसं गेली. तिथे पिऊन कोणाला नेऊ नका. ते सगळ्यात आधी, उजेडात, शांतपणे. हिवाळ्यात साडेपाचनंतर अंधार पडतो, म्हणून साडेचारला सुरुवात करा. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सीताबर्डीकडचे रस्ते मोर्चांनी आणि बॅरिकेडनी अडतात, ते आठवडे सोडून द्या.

इतिहास बारमध्ये सांगू नका, बाहेर सांगा. पहिल्या पेगनंतर कोणी ऐकत नाही. आम्ही गांधीसागर तलावाच्या काठावर, बारमध्ये शिरायच्या आधी, स्टीलच्या डब्यातून मूठभर वाळलेली मोहफुलं काढायचो. मनुकांसारखी चिकट, वास गोड आणि जरा आंबूस. एकेकाच्या तळहातावर ठेवायची आणि सांगायचं, हे शहर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता, आणि मोह हे त्याच्या माणसांचं झाड. पुढे इंग्रजांच्या अबकारीनं, म्हणजे दारूवर कर घेणाऱ्या खात्यानं, या फुलांची दारू गाळायची विनापरवाना भट्टी गुन्हा ठरवली, ठेक्यांचे लिलाव केले. समोरच्या बारवर दिसणारी "परमिट रूम"ची पाटी मग लोक नीट वाचतात. मोहाची दारू चाखवायला मात्र कोणाच्या घरामागे नेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

तिथूनच एम्प्रेस मिलची जागा दाखवा. 1877 ला टाटांनी सुरू केलेली, आता तिथे मॉल आहे. विणकर कोष्टी लोकांच्या घरचं सावजी जेवण मिल कामगारांमुळे शहरभर पसरलं, हे तर्री, म्हणजे तिखट लाल रस्सा, समोर येण्याआधी सांगितलं की लोक पहिला घास वेगळ्या मनानं घेतात. बाहेरगावचा पाहुणा असेल तर मटण कमी तिखट करायला आधीच फोन करा.

आणि वर्ध्याचे पाहुणे आले तर निघताना आठवणीनं सांगा, बाटली सोबत नेऊ नका. 1974 पासून तिथे दारूबंदी आहे. आमचे एक काका पिशवीत क्वार्टर घेऊन बसमध्ये चढत होते, दिरानं धावत जाऊन ती काढून घेतली.

अर्जाचा जुना मसुदा माझ्याकडे आहे. हवा असेल तर कळवा, पाठवते. त्यात "पोच मिळावी" ही ओळ शेवटी आहे, ती तुम्ही सगळ्यात वर घ्या.