वडिलांच्या नावावरचं मुंबईतलं घर: नॉमिनी, वारस आणि मृत्युपत्र समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७४ वर्षांचे. मुलुंडला सोसायटीतला फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, तिथे आई-बाबा राहतात. गिरगावची पागडीची (सुरुवातीला एकरकमी रक्कम देऊन भाड्याने घेतलेली) खोलीही बाबांच्याच नावावर, तिथे धाकटा भाऊ राहतो. सोसायटीत नॉमिनी म्हणून मोठ्या भावाचं नाव आहे. तुम्ही बहीण. मृत्युपत्र नाही. कायद्याची पुस्तकं चाळून डोकं गरगरलं, तर नेमकं काय शिकायचं?

आधी पुस्तकं मिटा आणि कपाटातली फाइल उघडा. मालमत्तेचा कायदा स्वतःच्या कागदांवरूनच चटकन कळतो. फ्लॅटसाठी काय काय हवं ते सांगते: बिल्डरपासून बाबांपर्यंतच्या सगळ्या खरेदी करारांची साखळी, प्रत्येक कराराची नोंदणी पावती आणि सूची २ (निबंधक कार्यालयातल्या नोंदीचा उतारा, इंडेक्स टू), मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा, सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) आणि त्याच्या मागच्या बाजूला बाबांच्या नावाची हस्तांतर नोंद, मालमत्ता कराचं बिल, घरकर्ज फिटलं असेल तर बँकेचं ना-देय पत्र. जुन्या करारांची नोंदणीच झालेली नाही किंवा भाग दाखल्यावर अजून पहिल्याच मालकाचं नाव आहे, असं मुंबईत सर्रास आढळतं. बाबा सही करू शकतात तोवर ही दुरुस्ती सोपी असते. नंतर प्रत्येक सहीसाठी सगळे वारस गोळा करावे लागतात.

आता नॉमिनी. मोठ्या भावाचं नाव नॉमिनी म्हणून आहे म्हणजे फ्लॅट त्याचा होणार, ही समजूत आधी डोक्यातून काढा. भावालाही शांतपणे समजावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली आलेलं कलम १५४ब-१३ सांगतं की सभासदाच्या निधनानंतर नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते. कायदेशीर वारस किंवा मृत्युपत्राप्रमाणे हक्कदार माणूस ठरून सभासद होईपर्यंतचीच ही सोय आहे. तोवर सोसायटीला पत्रव्यवहार करायला, देखभाल शुल्क वसूल करायला कुणीतरी लागतं, तो नॉमिनी. कंपनीच्या शेअर्सबाबतही नॉमिनी मालक होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला.

म्हणून नॉमिनेशन नकोच, असं मात्र नाही. ते नसेल तर सोसायटी वृत्तपत्रात नोटीस देऊन हरकती मागवते, हमीपत्रं घेते, आणि कमिटीत एखादा खट असला तर फाइल अडकून पडते. आदर्श उपविधींतला (सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांतला) परिशिष्ट १४ चा नमुना तीन प्रतींत भरायचा. कमिटीच्या सभेत नोंद झाल्यावर एक प्रत सही-शिक्क्यासह परत घ्यायची आणि नामनिर्देशन नोंदवहीत नाव चढलं की नाही ते डोळ्यांनी पाहायचं. एकाहून जास्त नावं टाकता येतात, टक्केवारीही लिहिता येते. माझा सल्ला: मृत्युपत्रात जो फ्लॅटचा हक्कदार असेल त्याचंच नाव नॉमिनी म्हणून असू द्या. दोन कागद दोन वेगळी नावं सांगू लागले की भांडणाला तिथूनच सुरुवात होते.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं? बाबा हिंदू आहेत असं धरते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे त्यांची स्वकष्टार्जित मालमत्ता पहिल्या वर्गातल्या वारसांना समान जाते. तुमच्या घरात आई, दोन भाऊ आणि तुम्ही मिळून चार वारस, म्हणजे प्रत्येकी चौथा हिस्सा. आजी, म्हणजे बाबांची आई, हयात असतील तर त्याही पहिल्याच वर्गात आणि मग पाच हिस्से. लग्न झालेल्या मुलीचा हिस्सा कमी होत नाही. स्वकष्टार्जित मालमत्तेत तर तो १९५६ पासूनच समान आहे; २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतही मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. दोन्ही गोष्टी लोक एकमेकींत मिसळतात. फ्लॅट बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतला असेल तर त्यांच्या हयातीत त्यात कुणाही मुलाचा हक्क नाही, आणि मृत्युपत्राने बाबा तो कुणालाही देऊ शकतात. (मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. उदाहरणार्थ, मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक-तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही.)

पागडीच्या खोलीकडे खास लक्ष द्या, कारण तिथे हे सगळं गणित बदलतं. बाबा तिथे मालक नाहीत, भाडेकरू आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. असा कुणी नसेल तर वारसांपैकी कोण, हे आपसांत ठरवायचं. नाही ठरलं तर कोर्ट ठरवतं. अशी भाडेकरी मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली १९९४ साली स्पष्ट केलं. तेव्हा 'गिरगावची खोली धाकट्याला' असं मृत्युपत्रात लिहून निर्धास्त राहू नका. तुमच्याकडे आणखी एक अडचण आहे: धाकटा भाऊ खोलीत राहतो, पण बाबा तिथे राहत नाहीत. 'सोबत राहणारा' ही अट इथे लंगडी पडते आणि घरमालकाच्या वकिलाला मुद्दा मिळतो.

त्यावरचा उपाय बाबांच्या हयातीतच आहे. कलम ५६ ने पागडीच्या हस्तांतरापोटी पैसे घेणं कायदेशीर केलं. घरमालकाशी बोलून, त्याचा वाटा ठरवून, लेखी संमतीने भाडेपावती धाकट्याच्या नावावर करून घ्या. पैसे चेकने, करार मुद्रांकित, पावती त्याच महिन्याची. चाळ पुनर्विकासाला जाणार अशी कुजबुज असेल तर हे आणखी निकडीचं, कारण नव्या जागेची पात्रता ठरताना भाडेपावतीवरचं नाव आणि प्रत्यक्ष राहण्याचा पुरावा बघतात. रेशनकार्ड, मतदारयादी आणि वीजबिल याच पत्त्याचं असू द्या.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, विशिष्ट कागद नाही, भाषा कोणतीही चालते, नोटरीची गरज नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. बाबांनी सही करायची आणि किमान दोन साक्षीदारांनी ती होताना पाहून बाबांच्या समोर सह्या करायच्या, इतकी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ ची मागणी. तरीही मृत्युपत्रं पडतात, आणि कारणं जवळपास तीच असतात. साक्षीदार म्हणून ज्याला फायदा मिळणार त्याचीच किंवा त्याच्या बायकोची सही असते. साक्षीदार बाबांच्याच वयाचे असतात आणि वेळ येते तेव्हा साक्ष द्यायला कुणी उरत नाही. ज्या मुलाला सगळं मिळतं तोच वकील ठरवतो, मजकूर सांगतो, गाडीतून घेऊन जातो. अशा वेळी मृत्युपत्राभोवतीचा संशय दूर करण्याचं ओझं त्याच्यावरच येतं. म्हणून साक्षीदार तिऱ्हाईत आणि वयाने लहान निवडा, एक डॉक्टर असेल तर उत्तम. प्रत्येक पानावर सही, त्याच दिवसाचा मनःस्थिती ठीक असल्याचा वैद्यकीय दाखला, आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदणी. नोंदणीने मृत्युपत्र आपोआप खरं ठरत नाही, पण सही खोटी आहे हा आरोप बराच दुबळा होतो.

मजकुरात फ्लॅटचं वर्णन तोकडं ठेवू नका. फ्लॅट क्रमांक, चटई क्षेत्र, सोसायटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, भाग दाखल्याचा क्रमांक व त्यातले भाग क्रमांक 'इतक्यापासून इतक्यापर्यंत', नगर भूमापन क्रमांक, पार्किंग. मुंबईत आणखी एक वाक्य अत्यावश्यक आहे: पुनर्विकास झाल्यास या फ्लॅटऐवजी मिळणारी जागा, वाढीव क्षेत्र, भाडं आणि कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी) रक्कमही याच हक्कदाराला. हे नसलं की जुना फ्लॅट पाडल्यावर मृत्युपत्रातली वस्तूच उरली नाही, असा वाद उभा राहतो. शेवटी 'याव्यतिरिक्त जे काही असेल ते' कुणाला, हे लिहा आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक (एक्झिक्युटर) नेमा.

'माझ्यानंतर फ्लॅट पत्नीला आणि तिच्या पश्चात मुलांना' हे वाक्य फार लिहिलं जातं आणि फार त्रास देतं. पत्नी पूर्ण मालक झाली, का तिला फक्त तहहयात राहण्याचा हक्क मिळाला, हे त्यातून कळत नाही. हवं ते एक निवडा: 'पत्नीला संपूर्ण मालकी हक्काने', नाहीतर 'पत्नीला तहहयात राहण्याचा आणि उपभोगाचा हक्क, विक्रीचा नाही, मालकी अमुकची'. शंका असेल तर आईला पूर्ण मालकी द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

प्रोबेटबद्दल, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याबद्दल, जुने सल्ले अजून फिरतात. मुंबईतल्या मालमत्तेच्या हिंदू मृत्युपत्रावर कोर्टात हक्क सांगायचा तर प्रोबेट सक्तीचं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार अधिनियमातलं कलम २१३ काढून ही सक्ती संपवली. वारसांत वाद असेल तर प्रोबेटचा मार्ग अजूनही खुला आहे, आणि तिथेही साक्षीदाराचीच साक्ष कामाला येते.

बक्षीसपत्राची घाई करू नका. जवळच्या नात्यात, म्हणजे जोडीदार, मुलं, नातवंडं यांना राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे (अधिभाराचं दुय्यम निबंधकांकडे आधी विचारून घ्या), म्हणून लोक आनंदाने करतात. पण नोंदणी झाली की घर बाबांचं राहत नाही आणि साधारणपणे ते मागे घेता येत नाही. करायचंच असेल तर 'आई-वडिलांची देखभाल करण्याच्या अटीवर' हे शब्द पत्रातच लिहा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ त्याच अटीच्या आधारे बक्षीसपत्र रद्द करून देऊ शकतं.

आणि तुमच्यापुरतं: बाबा हयात असताना कुणी तुमच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं तर सही करू नका. अजून जो हक्क तुमच्याकडे आलेलाच नाही तो सोडता येत नाही. पण त्यापोटी पैसे घेतलेत तर पुढे कोर्ट तुम्हाला मागे फिरू देईलच असं नाही. बाबांच्या पश्चात हिस्सा सोडायचा ठरलंच तर हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं आणि ते कुणाच्या लाभात, हे नावानिशी लिहावं लागतं. वडिलोपार्जित मालमत्तेत, जवळच्या नात्यात त्याचंही मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे. वकिलाची फी जड वाटत असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळतं. आईला सोबत घ्या, फाइल घ्या, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.