प्रश्नपेटी: टोचलेली सुई, गोठलेली लस आणि पावसातली ड्युटी

या खेपेस पेटीत आलेली बहुतेक पत्रं पालिकेची रुग्णालयं, प्रसूतिगृहं आणि वस्त्यांमधली आरोग्य केंद्रं इथं काम करणाऱ्यांची आहेत. पाच निवडली. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तिथं थोडक्यात सांगून भागत नाही.

रात्रपाळीत एका पेशंटचं रक्त घेतल्यावर सुई बोटात घुसली. सोबतच्या सिस्टरने बोट पिळून रक्त काढलं आणि वर स्पिरिट ओतलं. इनचार्ज सकाळी येणार म्हणून सकाळपर्यंत थांबले. यात काही चुकलं का?
— परिचारिका, मध्य मुंबई

तिन्ही गोष्टी चुकल्या, आणि सगळ्यात मोठी चूक थांबण्याची.

बोट पिळल्याने विषाणू बाहेर येत नाही, उलट आतली त्वचा दुखावते. स्पिरिट, आयोडीन, ब्लीच यांनीही तेच होतं. बोट तोंडात घालून चोखण्याचा प्रकार तर बंदच व्हायला हवा. करायचं एवढंच: हातमोजा काढा, नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने जागा धुवा आणि कोरडी करा. रक्त डोळ्यात उडालं असेल तर डोळा उघडा ठेवून पाण्याने किंवा सलाइनने नीट धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती धुताना काढू नका, धुऊन झाल्यावर काढा. तोंडात गेलं तर थुंका आणि पुन्हा पुन्हा चुळा भरा. डोळ्यात किंवा तोंडात साबण नको.

पुढचा मुक्काम कॅज्युअल्टी. एचआयव्ही प्रतिबंधाची पहिली गोळी शक्यतो दोन तासांत पोटात जायला हवी. ७२ तास उलटल्यावर ती सुरू करण्यात अर्थ राहत नाही. पेशंटचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू, असं म्हणायचं नसतं. पहिला डोस घ्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर पुढे चालू ठेवायचं की थांबवायचं हे ठरवायचं. इनचार्ज, मेट्रन किंवा युनिटचे सर यांची वाट बघायची नाही. रात्री दोनला ड्युटीवरच्या कॅज्युअल्टी डॉक्टरने ही गोळी देणं अपेक्षित आहे. आपल्याकडे हा साठा रात्री कुठल्या कपाटात असतो आणि किल्ली कुणाकडे असते, हे आजच विचारून ठेवा. किल्लीपायी घालवलेले दोन तास परत मिळत नाहीत.

सध्या दिली जाते ती टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडीन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम यांची एकत्र गोळी. रोज एक, २८ दिवस. मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं असे त्रास सुरुवातीला होतात आणि म्हणूनच आठ-दहा दिवसांत गोळी सोडणारे पुष्कळ. अर्धवट कोर्सवर विसंबून राहता येत नाही. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: आपल्यातल्या किती तरी जणी रोज लोह किंवा कॅल्शियमची गोळी घेतात, कुणी ॲसिडिटीवर अँटासिड. ही औषधं उपाशीपोटी एकत्र घेतली तर डोल्युटेग्राव्हिर नीट शोषलं जात नाही. अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर ही गोळी घ्या. लोह-कॅल्शियमचंही हेच, फक्त जेवणाबरोबर दोन्ही एकत्र चालतं. किडनीचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

तुमची स्वतःची एचआयव्ही तपासणी त्याच दिवशी, मग सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी. पहिल्या दिवसाचा रिपोर्ट टाळू नका. संसर्ग ड्युटीवर झाला की आधीपासून होता, हे पुढे त्यावरूनच ठरतं. या काळात निरोध वापरा, रक्तदान करू नका. कामावर यायला हरकत नाही.

एचआयव्हीची धास्ती सगळ्यांना, पण टोचल्यावर त्याहून लवकर लागते ती कावीळ बी, म्हणजे हेपॅटायटिस बी. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता साधारण हजारात तीन. लस न घेतलेल्याला बी विषाणूची ६ ते ३० टक्क्यांपर्यंत. लस ०, १ आणि ६ महिन्यांनी अशी तीन डोसांची. शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा. आकडा १० किंवा त्यावर आला की संरक्षण आहे, आणि तो कागद जपून ठेवा. लस झालेलीच नसेल आणि पेशंट बी-पॉझिटिव्ह असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटिबॉडींचं) इंजेक्शन शक्यतो २४ तासांच्या आत, आणि सोबत लसीचा पहिला डोस. जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला बी कावीळ आणि धनुर्वात यांची लस देण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे. त्यात आया, वॉर्डबॉय आणि कंत्राटी सफाई कामगारही आले. कावीळ सी ला लस नाही. तिथे तपासण्या करत राहायचं, आणि संसर्ग झालाच तर गोळ्यांनी बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

आता नोंद. अपघात नोंदवहीत वेळ, सुई पोकळ होती की टाके घालायची, तिच्यावर रक्त दिसत होतं का, हातमोजा होता का, किती खोल गेली आणि पेशंटचा केस पेपर नंबर लिहा. पेशंटचं नाव वॉर्डभर होऊ देऊ नका आणि त्याचं रक्त त्याच्या संमतीनेच तपासा. नोंद केली की मेमो मिळतो, ही भीती आम्हाला माहीत आहे. पण पुढे काही झालं तर न लिहिलेल्या अपघाताची भरपाई कुणी देत नाही. शिवाय असे अपघात रुग्णालयाने वार्षिक अहवालात दाखवायचे असतात, म्हणजे ही नोंद रुग्णालयालाही लागतेच.

सुया टोचतात कुठे, तेही बघा. टोपण परत बसवताना. सुई ट्रेमध्ये टाकून वॉर्डच्या दुसऱ्या टोकाच्या टेबलापर्यंत चालत नेताना. सुयांचा पांढरा डबा काठोकाठ भरल्यावर वरून कोंबताना. तो तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. आणि प्लॅस्टिक कचऱ्याच्या लाल पिशवीत चुकून गेलेली सुई पिशवी उचलणाऱ्या मावशीला टोचते, जिला कोणत्या पेशंटची हेही कळत नाही. नीडल कटर पेशंटच्या कॉटजवळ न्या, चार पावलं सुद्धा जास्त आहेत.

बाहेरच्या लसीकरण सत्रासाठी कॅरिअर (लस न्यायचा थंड डबा) भरताना डीप फ्रीजरमधून आइसपॅक काढून लगेच ठेवते, म्हणजे दिवसभर थंड राहतं. सुपरवायझर म्हणतात थांबायचं. किती वेळ थांबायचं?
— एएनएम, पूर्व उपनगर

सुपरवायझर बरोबर आहेत, पण घड्याळ लावून थांबायचं नसतं. आइसपॅक बाहेर मांडा आणि अधूनमधून कानाशी धरून हलवा. आत पाण्याचा खुळखुळ आवाज आला की तयार. पावसाळ्यात त्याला वेळ कमी लागतो, एसीच्या खोलीत जास्त, म्हणून घड्याळापेक्षा कान खरा. मग पुसून कोरडा करा आणि चारही बाजूंना एक असे चार पॅक लावा. पॅक भरताना पाणी खुणेपर्यंतच, मीठ घालायचं नाही.

घाई केली तर काय होतं? डीप फ्रीजर उणे १५ ते उणे २५ अंशांवर असतो. तिथून थेट आलेला पॅक पेंटाव्हॅलंट, हेपॅटायटिस बी, डीपीटी, टीडी, आयपीव्ही, पीसीव्ही या लशींना गोठवतो. यातल्या बहुतेक लशींमध्ये ॲल्युमिनियमचं मीठ असतं. एकदा गोठलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी होते. वाईट म्हणजे वायलवरचा, म्हणजे लशीच्या बाटलीवरचा, व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारी खूण) गोठल्याचं दाखवतच नाही, तो फक्त उष्णता मोजतो. आतला चौकोन फिकट आहे, लस चांगली आहे, असं म्हणून टोचली जाते आणि बाळाला संरक्षण मिळत नाही. शंका आली तर शेक टेस्ट: त्याच बॅचची एक वायल मुद्दाम गोठवून वितळवा, दोन्ही एकाच वेळी हलवून शेजारी ठेवा. संशयित वायलचा गाळ गोठवलेलीइतकाच भराभर खाली बसला तर ती टाकून द्या.

वायल झिपच्या पिशवीत ठेवा. मुंबईच्या दमट हवेत कॅरिअरच्या आत घाम साचतो, लेबल सुटतं, आणि रबरी झाकण पाण्यात बुडालं तर ती उघडलेली वायल पुन्हा वापरता येत नाही. उघडलेल्या पेंटा, डीपीटी, टीडी, हेपॅटायटिस बी, ओपीव्ही, आयपीव्ही, पीसीव्ही या वायल २८ दिवसांपर्यंत चालतात. पण तारीख आणि वेळ वायलवर लिहिलेली हवी, आणि शीतसाखळी तुटलेली नको. बीसीजी आणि एमआर मात्र पावडर विरघळवल्यापासून चार तासांत संपवा, उरलेली टाका. त्यांत जंतू वाढू न देणारं औषध नसतं. उशिरा वापरलेल्या वायलमध्ये स्टॅफिलोकोकस वाढला तर टॉक्सिक शॉकने बाळ दगावू शकतं. एक-दोन डोस वाया गेले म्हणून जीव कासावीस करायचा नाही. हिशेब देताना वाया गेलेला डोस सांगायला सोपा असतो.

जोरदार पावसात पाणी साचलेल्या वस्तीत सर्वेक्षणाला जावं लागतं. लेप्टोची गोळी सगळ्यांनी घ्यायची का?
— आरोग्य सेविका, कुर्ला

लेप्टो म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. पालिकेच्या सूचनेप्रमाणे त्यावरच्या डॉक्सिसायक्लिनचा हिशेब असा: एकदाच पाण्यातून गेलात आणि पायाला जखम नाही, तर २०० मिलिग्रॅमचा एक डोस. जखम असेल तर रोज २०० असे तीन दिवस. तुमच्यासारखं पुन्हा पुन्हा जावं लागत असेल तर आठवड्याला एक डोस, सहा आठवडे. पाण्यातून गेल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करा, आणि केंद्रातल्या डॉक्टरांच्या हातूनच घ्या. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना हे औषध नाही; त्यांच्यासाठी ॲझिथ्रोमायसिन.

जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं न होता घ्या. नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून जळजळते. दुधाबरोबर नको. आणि गमबूटच्या वरून पाणी आत शिरलं तर तो बूट उपयोगाचा नाही, उलट घोट्याला घासून जखम करतो. गोळी घेतली असली तरी ताप, पोटऱ्यांत दुखणं, लाल डोळे अशी लक्षणं दिसली तर घरी थांबू नका.

आम्ही मानधनावर काम करतो. केंद्रातला एक वरिष्ठ अश्लील बोलतो, आणि एका चाळीतला एक माणूसही मागे लागतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आम्हाला लागू आहे का?
— दोन आरोग्य सेविका, पश्चिम उपनगर

लागू आहे. २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात कायम, तात्पुरते, कंत्राटी, मानधनावरचे आणि स्वयंसेवक असे सगळे येतात. कामानिमित्त तुम्ही जिथं जाता ती जागाही, म्हणजे वस्ती आणि चाळसुद्धा, ‘कामाचं ठिकाण’ धरली जाते.

वरिष्ठाविरुद्ध तक्रार याच कायद्याखालच्या, कार्यालयातल्या अंतर्गत समितीकडे. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्या. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती लागतात, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. तोपर्यंत बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा तुम्ही स्वतः लेखी मागू शकता. न मागता मिळत नाही. समितीची अध्यक्ष महिला असते, निम्मे तरी सदस्य महिला आणि एक बाहेरची व्यक्ती. नावांची यादी कार्यालयात लावलेली असायला हवी. दिसली नाही तर तीही लेखी मागा.

चाळीतला माणूस कर्मचारी नाही, म्हणून त्याच्यावर पोलीस कारवाई होते. मागे लागणं, पाठलाग, अश्लील शेरे यांसाठी भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र कलमं आहेत, आणि तुम्हाला तक्रार करायची असेल तर मदत करणं ही नेमणूक करणाऱ्याची जबाबदारी आहे. त्या भागात दोघींनी मिळून जाण्याची लेखी मागणी करा. कोण, कधी, कुठे, काय बोलला, हे प्रत्येक वेळी त्याच रात्री वहीत तारखेसह लिहा. दोन महिन्यांनी आठवून लिहिलेलं तितकं टिकत नाही.

काचेची वायल, सलाइनची प्लॅस्टिकची बाटली, रक्ताळलेलं ड्रेसिंग. कुठलं कुठे टाकायचं?
— नवा वॉर्डबॉय

ड्रेसिंग पिवळ्यात, आणि त्यातच मास्क, गाऊन, मुदत संपलेली औषधं. बाटली, नळ्या, कॅथेटर, हातमोजे, सुई कापलेली सिरिंज लालमध्ये. सुया आणि ब्लेड पांढऱ्या डब्यात. काच निळ्या खुणेच्या डब्यात. कोणतीच पिशवी ४८ तासांहून जास्त ठेवायची नाही. नव्या माणसाची हमखास चूक निळ्याची: घरी पालिकेचा सुका कचरा निळ्या डब्यात टाकायची सवय असते, म्हणून जेवणाचे कागद आणि बिस्किटांची पाकिटं वॉर्डातल्या निळ्यात पडतात. त्या डब्यावर जाड पेनने मोठ्या अक्षरांत ‘फक्त काच’ असं मराठीत लिहून टाका.