सहाशेव्या नंबरचा ब्रिटिश खेळाडू या आठवड्यात कुठे खेळतोय?

मागच्या अंकात बिली हॅरिसवर लिहिलं होतं. आइल ऑफ मॅनमध्ये वाढलेला हा टेनिस खेळाडू फोर्डच्या व्हॅनमध्ये राहून, तिथेच झोपून युरोपभर छोट्या स्पर्धा खेळत फिरला आणि २०२४ ला लंडनच्या क्वीन्स स्पर्धेत क्वार्टरफायनलपर्यंत पोचला. त्यावर ठाणे-नवी मुंबईतून इतकी पत्रं आली की या वेळचं सदर पूर्ण त्यांनाच देतोय.

प्रश्न : व्हॅनवाल्या हॅरिसबद्दल वाचलं आणि शोधायला बसलो, पण टीव्हीवर काही नाही, पेपरात काही नाही, सर्च केलं की फक्त राडुकानू नाहीतर ड्रेपर ही ब्रिटनची मोठी नावं. हे खालचे खेळाडू फॉलो करायचे तरी कसे? – एक वाचक, घणसोली

आधी पायऱ्या समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं आहे. सगळ्यात खाली आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धा, पुरुषांच्या एम १५ आणि एम २५, बायकांच्या डब्ल्यू १५, डब्ल्यू ३५ असं करत डब्ल्यू १०० पर्यंत. त्याच्या वर पुरुषांसाठी एटीपी चॅलेंजर, ५० पासून १७५ पर्यंत, आणि हा आकडा म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारे पॉइंट, बायकांसाठी डब्ल्यूटीए १२५. टीव्हीवर दिसतं ते सगळं याच्याही वरचं.

आयटीएफच्या साइटवर ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ते, आणि लाइव्ह स्कोअर फुकट बघता येतात. खुर्चीवरचा अंपायर टॅबवर बटण दाबतो आणि तो पॉइंट इथे तुमच्या मोबाइलवर येतो, बरेचदा चित्र नसतं, फक्त आकडे. नुसत्या आकड्यांत काय बघायचं असं वाटेल, पण सर्व्हिस कोणाची, ब्रेक पॉइंट (समोरच्याच्या सर्व्हिसवर गेम जिंकायची संधी) किती आले नि किती वाचवले एवढं बघत बसलात तरी मॅच कळायला लागते. ब्रिटनमधल्या बऱ्याच स्पर्धांचं स्ट्रीमिंग तिथली टेनिस संघटना एलटीए स्वतः करते, चॅलेंजरचंही ऑनलाइन मिळतं. कॅमेरा एकच असतो, लांबून, कॉमेंट्री असेलच असं नाही, पण मला उलट तेच आवडतं कारण शूजचा आवाज, खेळाडू स्वतःशी बोललेलं सगळं ऐकू येतं.

वेळ आपल्या सोयीची आहे. उन्हाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच, म्हणजे तिकडे सकाळी दहाला कोर्टवर उतरले की आपल्याकडे दुपारचे अडीच नाहीतर साडेतीन. तुमची नाइट शिफ्ट असेल तर निघायच्या आधी दोन मॅच होतात.

आता खरं काम सांगतो. खूप नावं धरू नका, दोन धरा, फार तर तीन, रँकिंगमध्ये तीनशे ते सातशेच्या मधली, आणि वर्षभर सोडू नका. स्पर्धेच्या साधारण अडीच आठवडे आधी एंट्री लिस्ट लागते, ती बघा. आपला माणूस थेट मुख्य ड्रॉमध्ये आहे की क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे आधीच्या पात्रता फेरीत, की वेटिंगवर आहे नि वरच्या चार जणांनी नाव काढायची वाट बघतोय. मग तो कुठे जातोय बघा. ट्युनिशियातलं मोनास्टिर, तुर्कस्तानातलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल शेख इथे वर्षातले कितीतरी आठवडे लागोपाठ स्पर्धा असतात, एकाच हॉटेलात राहून तीन आठवडे खेळता येतं म्हणून पोरं तिकडे जातात. थंडीत लफबरो, ग्लासगो, संडरलंड, श्रूजबरी असं इनडोअर, आणि जूनमध्ये बर्मिंगहॅम, इल्कली, नॉटिंगहॅम असं गवतावर. हा प्रवास एकदा डोक्यात बसला की निकालाला अर्थ येतो. मंगळवारी पहिल्या राउंडला हरला यात काही बातमी नाही, पण रविवारी दुसऱ्या देशात सेमीफायनल खेळून, रात्रीचं विमान पकडून, सरफेस बदलून मंगळवारी तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरला ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, आणि ती तुम्हाला कोणी सांगणार नाही, तुम्हीच बघायची.

सोमवारी रँकिंग येतं. ५२ आठवड्यांपूर्वीचे पॉइंट गळतात हे लक्षात ठेवा, नाहीतर काहीही वाईट न खेळता माणूस साठ जागा खाली कसा गेला ते कळत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. राडुकानूमुळे टेनिस बघायला लागले आणि तिच्या मागच्या मुलींचं वेड लागलं. नातू म्हणतो आजी, ज्यांना कोणी ओळखत नाही त्यांच्या मॅच काय बघतेस, हरणारच त्या. त्याला काय सांगू? – चरई, ठाणे

बाई, नातवाला फ्रॅन जोन्सबद्दल सांगा. ब्रॅडफर्डची मुलगी, जन्मतःच दोन्ही हातांना तीन बोटं आणि अंगठा एवढंच, उजव्या पायाला तीन बोटं, डाव्या पायाला चार. टेनिसमध्ये पकड आणि पायाचा तोल हे तर सगळ्याचं मूळ, आणि डॉक्टरांनी लहानपणीच सांगितलं होतं की तुला व्यावसायिक टेनिस जमणार नाही. ती २०२१ ला क्वालिफायिंग खेळून ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य ड्रॉमध्ये आली, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. पण त्यानंतरची चारेक वर्षं कोणी बघितली? दुखापती, परत खाली, परत छोट्या स्पर्धा. २०२५ च्या जुलैमध्ये कॉन्ट्रेक्सव्हिल आणि पालेर्मो अशा दोन डब्ल्यूटीए १२५ जिंकून ती पहिल्यांदा टॉप १०० मध्ये गेली. २०२१ ची बातमी वाचून जे थांबले त्यांना पालेर्मोचा आनंद कळणारच नाही. तुम्हाला कळतो ना? तोच तुमच्यातला आणि नातवातला फरक.

सोनाय कार्टलचंही तसंच. ब्रायटनची. आजारपण, मनगटाचं दुखणं, रँकिंग घसरलेलं, २०२४ मध्ये छोट्या आयटीएफ जिंकत वर चढली आणि सप्टेंबरमध्ये मोनास्टिरला डब्ल्यूटीएची स्पर्धा जिंकली, आणि मोनास्टिर म्हणजे तेच गाव जिथे डब्ल्यू १५ खेळायला पोरी एरवी जातात. पुढच्या वर्षी विम्बल्डनला चौथ्या राउंडपर्यंत.

आणि नातवाला हेही सांगा की बहुतेक जणी हरतातच. ३२ जणींच्या ड्रॉमध्ये ३१ जणी हरतात, दर आठवड्याला, आणि तरी पुढच्या सोमवारी परत नाव टाकतात. मला ते बघायला आवडतं, मनापासून आवडतं, त्यासाठी त्यांनी पुढे जाऊन कोणी मोठं व्हायलाच पाहिजे असं नाही.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची, स्टेट लेव्हल खेळते. ब्रिटिश खेळाडूंना त्यांच्या संघटनेचा पैसा मिळतो तरी ते व्हॅनमध्ये झोपतात तर आमचं काय होणार? खरं सांगा, या सर्किटवर पोट भरतं का? – एक आई, खारघर

खालच्या पायरीवर नाही भरत. ताई, हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

एम १५ म्हणजे एकूण बक्षीस १५ हजार डॉलर, सगळ्या खेळाडूंत वाटून. गेली काही वर्षं जिंकणाऱ्याला साधारण २,१६० डॉलर मिळत आलेत, पहिल्या राउंडला हरणाऱ्याला दीडशेच्या आसपास, म्हणजे आपले तेरा-चौदा हजार, त्यातूनही टॅक्स कापला जातो. हॉटेल, विमान, जेवण, रॅकेटच्या तारा हे सगळं आपापलं, आणि कोच बरोबर न्यायचा तर खर्च दुप्पट. आयटीएफने स्वतःच २०१३ च्या आकड्यांवर अभ्यास केला होता, त्यात कोचचा खर्च न धरताही खर्च-मिळकत जुळायला पुरुषांना ३३६ व्या आणि बायकांना २५३ व्या नंबरच्या आसपास असावं लागत होतं, आणि जवळपास चौदा हजार खेळाडूंपैकी साधारण सहा हजारांना त्या वर्षी एक डॉलरही बक्षीस मिळालं नव्हतं. तेव्हापासून बक्षिसं वाढली तशी तिकिटंही वाढली. आपल्या सुमित नागलने २०२३ मध्ये उघड सांगितलं होतं की खात्यात फक्त ९०० युरो उरलेत, आणि तो तेव्हा भारताचा एक नंबरचा सिंगल्स खेळाडू होता.

एलटीए निवडक खेळाडूंना स्कॉलरशिप देते, कोचिंग देते, देशात स्पर्धा भरवते, हे खरं आहे आणि भारताच्या तुलनेत ते खूप आहे. पण ती यादी छोटी. हॅरिससारखे कितीतरी त्या यादीच्या बाहेर राहून स्वतःच्या जिवावर खेळतात.

तुमच्या मुलीसाठी या मंडळींकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे अमेरिकन कॉलेजचा रस्ता. कॅमेरॉन नॉरी आणि जेकब फर्नली दोघेही टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचे. फर्नली तिथून बाहेर पडला तेव्हा रँकिंग पाचशेच्या पलीकडे, आणि २०२४ च्या जूनमध्ये क्वालिफायिंगपासून सुरुवात करून नॉटिंगहॅम चॅलेंजर जिंकला, वर्ष संपायच्या आत टॉप १०० मध्ये. ऑलिव्हर टार्व्हेट सॅन डिएगो युनिव्हर्सिटीत शिकत असताना २०२५ ला ७३३ व्या नंबरवरून विम्बल्डनला क्वालिफाय झाला, एक मॅच जिंकला आणि मग सेंटर कोर्टवर गतविजेत्या अल्काराझशी खेळला. हल या गावचा पॉल जब, आजीने वाढवलेला मुलगा, साउथ कॅरोलिनाकडून खेळून २०१९ ला कॉलेज चॅम्पियन झाला. स्कॉलरशिप मिळाली की चार वर्षं कोच, जिम, फिजिओ, मॅचेस आणि हातात डिग्री. अठराव्या वर्षी शाळा सोडून अंताल्याचं तिकीट काढण्यापेक्षा हे मला शंभर पटीने शहाणपणाचं वाटतं, म्हणून दहावीचा अभ्यास टेनिससाठी अजिबात सोडू नका, तिकडे मार्कही बघतात.

आणि डबल्सकडे कमीपणाने बघू नका. हेन्री पॅटन हा कॉल्चेस्टरचा मुलगा, तोही अमेरिकन कॉलेजातलाच, एके काळी विम्बल्डनला कोर्टाशेजारी बसून आयबीएमसाठी मॅचचा डेटा भरायचा. २०२२ मध्ये त्याने आणि ज्युलियन कॅशने मिळून एका सीझनमध्ये दहा चॅलेंजर डबल्स जिंकल्या. मग पॅटन २०२४ ला विम्बल्डनचा डबल्स चॅम्पियन, आणि कॅश २०२५ ला लॉइड ग्लासपूलबरोबर. दोन्ही पार्टनर ब्रिटिश असलेली जोडी तिथे १९३६ नंतर पहिल्यांदा जिंकली. चॅलेंजरच्या डबल्सला प्रेक्षक किती असतात ते स्ट्रीमवर बघा, अक्षरशः रिकाम्या खुर्च्या.

प्रश्न : ऑफिसातला मित्र म्हणतो या छोट्या मॅचेसवर पैसे लावायला सोपं, तुला माहिती आहे तर लाव. लावू का? – कळवा

नको. एकतर पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ ला आपल्याकडे कायद्याने बंदी आली आहे. दुसरं, ज्यांच्यावर पैसे लागतात त्यांना काय भोगावं लागतं ते बघा. केटी बोल्टरने २०२५ मध्ये तिला येणारे मेसेज उघड केले, मॅच हरली म्हणून घरच्यांसकट मरणाच्या धमक्या, आणि त्यातले बरेच बेटिंगमध्ये पैसे गेलेल्यांचे. एम १५ खेळणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोरालाही हेच येतं, फक्त त्याच्याबरोबर ना मॅनेजर असतो ना सिक्युरिटी. ज्याला आपण आपला म्हणतो त्याच्या हरण्यावर-जिंकण्यावर पैसे लावायचे नाहीत, मित्रालाही सांगा.

प्रश्न : इंग्रजांना विम्बल्डनला वाइल्डकार्ड, म्हणजे रँकिंग न बघता थेट प्रवेश, आयतं मिळतं. मग त्यांच्या कष्टांचं एवढं कौतुक कशाला? आपल्या पोरांना कोण देतं? – वाशी

मुद्दा रास्त आहे, टाळत नाही. २०२५ ला विम्बल्डनच्या पहिल्या राउंडला हरणाऱ्यालाही ६६ हजार पौंड मिळाले, म्हणजे पाऊण कोटीच्या आसपास, आणि एम १५ जिंकत जिंकत तेवढे जमवायला चाळीसहून जास्त स्पर्धा जिंकाव्या लागतील. एका वाइल्डकार्डवर दोन वर्षांचा खर्च निघतो आणि हा फायदा मुख्यतः ग्रँड स्लॅम भरवणाऱ्या चार देशांच्या मुलांना आहे. हे न्याय्य नाही असंच माझं मत आहे.

पण वाइल्डकार्ड मिळणारे दर वर्षी मोजके, बाकीचे रोहॅम्प्टनला क्वालिफायिंग खेळतात नाहीतर घरी बसून बघतात. मार्कस विलिस आठवतो? २०१६, रँकिंग ७७२, वॉरिकच्या क्लबमध्ये लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना टेनिस शिकवून पोट भरत होता. त्याला मुख्य ड्रॉ आयता नाही मिळाला, प्री-क्वालिफायिंग आणि क्वालिफायिंग धरून सहा मॅच जिंकून आला, मग ५४ व्या नंबरच्या बेरांकिसला हरवलं आणि सेंटर कोर्टवर फेडररसमोर उभा राहिला. पहिला सेट ६-० गेला, दुसऱ्या सेटमध्ये पहिला गेम जिंकला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं. त्याच्या कौतुकाला इंग्रज-बिंग्रज काही आड येत नाही माझ्या तरी.

प्रश्न : हे खेळाडू इकडे कधी येतात का? प्रत्यक्ष बघायचंय. – ऐरोली

येतात. २०१९ च्या डिसेंबरमध्ये पुण्यात २५ हजार डॉलरची आयटीएफ स्पर्धा एम्मा राडुकानूने जिंकली होती, सतरा वर्षांची होती, आणि दोन वर्षांच्या आत यूएस ओपन. त्या वेळी पुण्यात कोर्टाच्या जाळीला टेकून ती मॅच बघणारे लोक होते, थोडेच, पण होते.

थंडीच्या मोसमात पुणे, सोलापूर, बंगळुरू, दिल्ली या भागात पुरुषांच्या नि बायकांच्या स्पर्धा लागतात, आणि चर्चगेटला सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) मुंबई ओपन ही डब्ल्यूटीए १२५ होते. २०१७ ला तिथे साबालेंका, पुढे जगात एक नंबर झालेली, जिंकली होती. ऐरोलीहून ठाणे, दादरला गाडी बदलून चर्चगेट, स्टेशनातून चालत. पाणी आणि टोपी घेऊन जा. शक्यतो पहिल्या दोन दिवसांत जा, क्वालिफायिंगला, तेव्हा गर्दी नसते, सगळ्या कोर्टांवर एकाच वेळी मॅच चालू असतात आणि एंट्री लिस्टमध्ये महिनोन् महिने बघितलेलं नाव समोर सर्व्हिस करत असतं. मॅच संपल्यावर दोन शब्द बोला, नाव घेऊन बोला. हरली असेल तर आधी तिला बॅग भरू द्या.